फूटी शिकताना: मेलबर्नमधील मराठी नवशिक्यासाठी मार्गदर्शक

मेलबर्नमध्ये आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला विचारले, "तू कोणत्या संघाचा?" मी अभिमानाने "भारताचा" असे उत्तर दिले आणि चहाच्या टेबलाभोवती हशा पिकला. त्याला विचारायचे होते ते फूटीबद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलबद्दल. पुढे मी आमच्या उपनगरातील एका लहान क्लबच्या सरावाला जाऊ लागलो, दोन हंगाम दुय्यम संघातून खेळलो आणि आता माझा मुलगा तेथेच खेळतो.

सुरुवातीला मी नियमपुस्तक घेऊन बसलो होतो. दोन संध्याकाळी वाचून काहीही लक्षात राहिले नाही. नियम फार आहेत हे त्याचे कारण नव्हते, हे मला बरेच नंतर उमगले. आपल्या अंगात क्रिकेट, कबड्डी आणि साधा फुटबॉल मुरलेला असतो आणि चेंडू हातात आला की शरीर आपोआप त्यांच्याच सवयीने वागते. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर कोणती जुनी सवय कामाची आहे आणि कोणती सोडावी लागेल, हे सांगितले आहे. मला तरी नियम लक्षात राहिले ते याच वाटेने.

१. आधी मैदान आणि गुणफलक वाचायला शिका

मैदान अंडाकृती असते आणि त्याचे माप ठरलेले नसते; लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांच्या दरम्यान काहीही चालते. हे विचित्र वाटेल, पण हा खेळ क्रिकेटपटूंच्या हातून जन्मला हे आठवले की कोडे सुटते. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नामवंत क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे पत्र त्याने १८५८ च्या जुलैमध्ये एका वृत्तपत्राला लिहिले आणि १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी पहिले नियम कागदावर उतरवले. आजही उन्हाळ्यात ज्या हिरवळीवर खेळपट्टी असते, तिच्यावरच हिवाळ्यात फूटी चालते. खेळपट्टीचा तो कडक किंवा चिखलाचा पट्टा मैदानाच्या मधोमध असतो, हे पहिल्यांदा पडाल तेव्हा कळेलच.

दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधले दोन उंच खांब गोलचे आणि बाहेरचे दोन बुटके खांब बिहाइंडचे. प्रत्येक दोन खांबांत ६.४ मीटर अंतर असते. आक्रमक संघाच्या खेळाडूने पायाने मारलेला चेंडू कोणालाही न लागता मधल्या खांबांतून गेला तर गोल, म्हणजे ६ गुण. मग तो हवेतून गेला काय किंवा टप्पे खात गेला काय, फरक पडत नाही. चेंडू मधल्या आणि बाहेरच्या खांबांतून गेला, गोलच्या खांबाला लागला, किंवा जाताना कोणाचा हात लागला, तर बिहाइंड, म्हणजे १ गुण. बाहेरच्या खांबावर थेट आदळला तर मात्र गुण मिळत नाही आणि चेंडू बचाव करणाऱ्या संघाला मिळतो.

लक्षात ठेवण्यासाठी क्रिकेटचा पंच डोळ्यांपुढे आणा. षटकाराला तो दोन्ही हात वर करतो. येथेही ६ गुणांना गोलपंच दोन्ही हातांची बोटे पुढे करतो आणि मग दोन झेंडे हलवतो; १ गुणाला एक बोट आणि एकच झेंडा.

गुणफलकावर तीन आकडे दिसतात: आधी गोल, मग बिहाइंड, शेवटी एकूण गुण. ११.९ (७५) म्हणजे अकरा गोलांचे ६६ आणि नऊ बिहाइंडचे ९. नवशिक्याची नजर पहिल्या आकड्यावर खिळते आणि तेथेच फसगत होते. २०१० च्या एएफएल, म्हणजे फूटीच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात सेंट किल्डाने १० गोल केले होते आणि कॉलिंगवूडने ९. तरीही सामना बरोबरीत सुटला, कारण १०.८ म्हणजे ६८ आणि ९.१४ म्हणजेही ६८. पुढच्या शनिवारी सामना पुन्हा खेळवावा लागला आणि तो कॉलिंगवूडने जिंकला. बरोबरीच्या त्या पहिल्या सामन्यात शेवटी गुण बरोबर करणारा चेंडू गोलसमोर वेडावाकडा उसळला, धावत आलेल्या स्टीफन मिल्नच्या हाती न लागता निसटला आणि बिहाइंड ठरला. या लंबगोल, दोन टोकांच्या चेंडूच्या टप्प्याचा भरवसा धरू नये, हे सांगायला याहून चांगला दाखला नाही.

खेळ चार भागांत होतो. एएफएलमध्ये प्रत्येक भाग वीस मिनिटांचा असतो, पण खेळ थांबला की घड्याळही थांबते, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण अर्धा तास जातो. स्थानिक सामन्यांत वेळेचे हिशेब वेगळे असतात; ते संघव्यवस्थापकाला विचारून घ्यावेत.

२. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

हंगामाचे सामने साधारणपणे एप्रिलपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात, सराव मात्र उन्हाळ्यातच सुरू होतो. मार्चच्या शेवटी जाऊन उभे राहिलात तरी घेतात, पण तोपर्यंत बाकीच्यांचे पाय धावायला सरावलेले असतात. पुढील गोष्टी आधीच तयार ठेवा.

- दातांचे कवच, म्हणजे माउथगार्ड. औषधांच्या दुकानात गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवायचे मिळते. दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेले महाग पडते, पण बोलता येते आणि श्वासही नीट घेता येतो.
- साच्यातील, म्हणजे मोल्डेड खुंट्यांचे फुटबॉलचे बूट. धातूच्या टोकांचे घेऊ नका.
- स्वतःचा एक चेंडू. प्रौढ पुरुषांसाठी ५ क्रमांकाचा, महिलांसाठी ४ क्रमांकाचा आणि मुलांसाठी त्याहून लहान. लाल चेंडू दिवसाच्या खेळाचा, पिवळा रात्रीच्या दिव्यांखालचा. घराजवळच्या सरावाला साधा कृत्रिम चामड्याचा पुरेसा आहे.
- ऑनलाइन नोंदणी. ती प्लेएचक्यू या संकेतस्थळावर होते. त्यासाठी स्वतःचा ईमेल, जन्मतारीख आणि अडीअडचणीला संपर्क करायच्या व्यक्तीचा क्रमांक लागतो. आधी दुसऱ्या क्लबकडून खेळला असाल तर बदलीची परवानगी घ्यावी लागते.
- मेडिकेअर, म्हणजे येथील सरकारी आरोग्य विम्याचे, कार्ड असेल तर त्याचा क्रमांक, आणि खाजगी आरोग्य विम्याचा तपशील.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण आपल्या लोकांची सर्वांत महाग चूक येथे होते. मेडिकेअर रुग्णवाहिकेचा खर्च देत नाही. व्हिक्टोरियात त्यासाठी ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचे वेगळे सभासदत्व घ्यावे लागते किंवा खाजगी विम्यात तशी सोय असावी लागते. नोंदणीबरोबर खेळाडूचा विमा मिळतो खरा, पण मेडिकेअरच्या यादीत असलेल्या उपचारांसाठी खिशातून गेलेले पैसे त्यातून परत मिळत नाहीत. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांपैकी बहुतेकांना मेडिकेअरच नसते. त्यांनी आपल्या आरोग्य विम्यात खेळातील दुखापत बसते का, हे मैदानावर उतरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. माझ्या मनगटाच्या हाडाला चीर गेली तेव्हा मी हे सारे प्लास्टर घातलेल्या हाताने वाचत बसलो होतो.

पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ऑसकिक हा वेगळा उपक्रम असतो आणि त्यात टॅकल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून अडवणे, नसते. मुलाला तेथे सोडून गाडीत बसून राहण्यापेक्षा मैदानात उतरून मदत करा. मोठ्या माणसाला लाज न वाटता मूलभूत गोष्टी शिकण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे. दुसऱ्या कोणाच्या मुलांच्या गटाचे प्रशिक्षक किंवा मदतनीस व्हायचे असेल तर मुलांसोबत काम करण्यासाठीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते.

३. पहिला आठवडा फक्त हँडबॉल

चेंडू हाताने देण्याची एकच पद्धत मान्य आहे: एका तळहातावर चेंडू ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसा मारून पाठवायचा. फेकणे चालत नाही. क्षेत्ररक्षण करून वाढलेल्या आपल्या हातांना हे पटतच नाही. घाई झाली की हात खांद्यावरून मागे जातो आणि पंचाची शिट्टी वाजते.

उजव्या हाताने मारणाऱ्याने डाव्या तळव्यावर चेंडू आडवा ठेवावा, मूठ वळताना अंगठा बोटांच्या बाहेर ठेवावा आणि अंगठा व तर्जनी मिळून जो सपाट भाग तयार होतो त्याने चेंडूच्या मागच्या टोकाला मारावे. गुडघे वाकवा, डावा पाय पुढे टाका आणि मारल्यानंतर मूठ डाव्या तळव्यातच येऊन थांबू द्या. चेंडू किंचित उडवून मग ठोसा मारण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण पंच ते फेकणेच समजू शकतो.

घराच्या विटांच्या भिंतीवर रोज शंभर उजव्या आणि शंभर डाव्या हाताने मारत गेलो तेव्हा तीन आठवड्यांत हात बसला. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

४. ड्रॉप पंट: या पायरीला घाई नको

पायाने मारण्याचे अनेक प्रकार आहेत. टॉर्पेडो, बनाना, स्नॅप ही नावे तुमच्या कानावर पडतील आणि सरावानंतर पोरे तेच मारत बसलेली दिसतील. तुम्ही सहा महिने त्यांच्याकडे वळूनही पाहू नका. ड्रॉप पंट नावाची एकच किक पक्की करा, कारण सामन्यातल्या बहुतेक किक याच असतात आणि झेलणाऱ्याला याच सोप्या जातात.

चेंडू दोन्ही हातांनी, बोटे बाजूंवर पसरून, कमरेच्या उंचीवर धरा. शिवणीची लेस तुमच्याकडे न ठेवता समोरच्या दिशेला ठेवा. चेंडू उभा असावा, वरचे टोक किंचित तुमच्याकडे झुकलेले. उजव्या पायाने मारणार असाल तर आधी डावा हात काढून घ्या आणि उजव्या हाताने चेंडू खाली नेत त्याच पायाच्या रेषेत सोडा. पायाची बोटे ताणलेली हवीत, जणू पावलाने समोरच्या माणसाकडे बोट दाखवता आहात. बुटाची लेस जेथे बांधतो त्या कडक भागाने चेंडूच्या खालच्या टोकाला मारा आणि पाय लक्ष्याच्या दिशेने वर जाऊ द्या. किक नीट बसली तर चेंडू उलटा, टोकावरून टोकावर गोलांट्या खात जातो. आडवा भिरभिरला तर समजा, चूक पायात नसून हातात झाली.

हे वाक्य मला प्रशिक्षकाने इतक्यांदा ऐकवले की आता तेच मी मुलाला ऐकवतो. साध्या फुटबॉलमध्ये चेंडू जमिनीवर असतो, त्यामुळे आपण सारे लक्ष पायाकडे देतो. येथे पाय लागण्याआधीच किकचे भवितव्य ठरलेले असते. चेंडू हातातून पायापर्यंत जो फूट-दीड फूट खाली जातो, तेवढ्याच प्रवासात सगळे बिघडते. नवशिका चेंडू वर उडवतो किंवा दोन्ही हातांनी एकदम सोडतो. म्हणून पहिले काही दिवस मारूच नका: उभे राहा, चेंडू एका हाताने सोडा आणि तो न फिरता सरळ खाली पडतो का ते पाहा. नंतर दहा मीटरवर उभ्या असलेल्या जोडीदाराच्या छातीवर हलक्या किक, मग पंधरा मीटर, मग वीस. ताकद लावून चाळीस मीटर मारण्याची घाई केली की मांडीच्या मागचा स्नायू धरतो आणि तीन आठवडे बाकावर बसावे लागते.

डाव्या पायाचा सराव पहिल्याच महिन्यात सुरू करा. प्रतिस्पर्ध्याला तुमचा एकच पाय चालतो हे कळायला पाच मिनिटे पुरतात.

५. मार्क: झेल घ्यायचा, पण क्रिकेटसारखा नाही

किमान १५ मीटर अंतरावरून पायाने मारलेला चेंडू मध्ये कोणाचाही स्पर्श न होता तुम्ही झेलला, की तो मार्क. पंच शिट्टी वाजवतो, खेळ तुमच्यासाठी थांबतो आणि कोणाचाही अडथळा न होता किक मारण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. चेंडू तुमच्या संघाने मारला की समोरच्या, याला महत्त्व नाही.

क्रिकेटपटूंना वाटते की हे तर आपल्याला येतेच. उंच चेंडूचा अंदाज घेणे, त्याखाली पोहोचणे, डोळे न मिटणे ही कमाई खरोखर कामाला येते. पण क्रिकेटमध्ये आपण चेंडूची वाट पाहतो आणि हात मागे घेत त्याला ओंजळीत सामावून घेतो. येथे तुम्ही हात मागे घेतले की मागून एक मूठ येते आणि चेंडू उडवून लावते. म्हणून चेंडूकडे धावत जा, हात डोक्याच्या पुढे आणि वर न्या, दोन्ही अंगठे एकमेकांजवळ आणि बोटे पसरलेली ठेवा, आणि चेंडू जितका आधी हाताला लागेल तितका आधी पकडा. पाऊस असेल तर ही शोभा बाजूला ठेवून छातीवर घ्या: तळवे वर, कोपर अंगाला चिकटलेले, चेंडूला बाळासारखे कवेत घेतलेले.

दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत झेप घेणारे खेळाडू दूरचित्रवाणीवर पाहून तसे करायला जाऊ नका. त्याला स्पेकी म्हणतात, ते नियमात बसते आणि त्यात बरगड्या मोडतात.

मार्क घेतल्यावर बावरून लगेच चेंडू सोडण्याची चूक मी पूर्ण हंगामभर केली. थोडे मागे जा, श्वास घ्या, कोण मोकळा आहे ते पाहा. प्रतिस्पर्धी तुम्ही झेल घेतला त्या जागी उभा राहतो आणि पंचाने "स्टँड" म्हटल्यावर त्याला हलता येत नाही. तो हलला तर तुम्हाला ५० मीटर पुढे नेले जाते. कनिष्ठ गटांत हे अंतर बहुधा २५ मीटर असते. मात्र तुम्ही सरळ रेषा सोडून बाजूला सरकलात, की पंच "प्ले ऑन" म्हणतो आणि तुमचे संरक्षण त्या क्षणी संपते.

६. चेंडू घेऊन धावणे

चेंडू हातात घेऊन कितीही धावता येते, फक्त साधारण १५ मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर आपटून परत घ्यावा लागतो किंवा वाकून जमिनीला टेकवावा लागतो. आपटताना पुढचे टोक खाली झुकवून पायाच्या जरा पुढे मारले तर तो हातात परत येतो. सरळ खाली मारला तर कोठेही जातो. ओल्या मैदानावर टेकवणेच शहाणपणाचे. १५ मीटर मोजायचे कसे? खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २० मीटरपेक्षा थोडी जास्त. एक धाव पूर्ण होण्याच्या आत चेंडू जमिनीला लागला पाहिजे, एवढे मनात ठेवले की पाय आपोआप मोजतात.

७. टॅकल आणि "होल्डिंग द बॉल"

पहिल्या सराव सामन्यात माझ्याविरुद्ध एकाच भागात तीन वेळा शिट्टी वाजली आणि तिन्ही वेळा कारण एकच होते. मी महाविद्यालयात कबड्डी खेळायचो. कबड्डीत पकडीत सापडलेला चढाईपटू सोडवणुकीसाठी झगडत मध्यरेषेकडे झेपावत राहतो. तेच त्याचे शौर्य. मला धरले की मीही चेंडू छातीशी कवटाळून चार माणसांना ओढत पुढे जायचो आणि मनातून खूश व्हायचो. प्रेक्षकांतून "बॉऽऽल!" असा एकच घोष उठायचा आणि चेंडू समोरच्यांना मिळायचा.

पंच मनात एकच प्रश्न विचारतो: धरले जाण्यापूर्वी या खेळाडूला चेंडू देण्याची संधी होती का? संधी होती, म्हणजे तुम्ही धावलात, वळलात, समोरच्याला चकवू पाहिलेत, तर धरले जाताच चेंडू पायाने किंवा हँडबॉलने सोडलाच पाहिजे. नाही सुटला तर दोष तुमचा. संधी नव्हती, म्हणजे चेंडू घेतला त्याच क्षणी धरले गेलात, तर सोडण्याचा प्रामाणिक प्रयत्न दिसला पाहिजे. तरीही चेंडू अडकून राहिला तर पंच तो दोन्ही संघांमध्ये वर उडवून खेळ पुन्हा सुरू करतो. कोणत्याही स्थितीत चेंडू नुसता हातातून टाकून दिलेला चालत नाही. माझी आठवणीची खूण अशी: कबड्डीत पकडले गेल्यावर खेळ सुरू होतो, फूटीत पकडले जाण्यापूर्वी संपवायचा असतो.

आता दुसरी बाजू, म्हणजे तुम्ही टॅकल करताना. खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, एवढ्याच भागाला धरता येते. घोट्याची पकड विसरा. तिला येथे शिक्षा आहे, आणि चेंडूसाठी पाय पुढे करून घसरत जाणे, जे साध्या फुटबॉलमध्ये कौतुकाचे असते, त्यात समोरच्याला गुडघ्याखाली धक्का लागला तर तेही नियमबाह्य आहे. पाठीत ढकलणे तर सर्वांत जास्त शिट्ट्या मिळवणारी चूक आहे. मागून धरलेत तर त्याला आपल्या अंगावर किंवा कुशीवर वळवून पाडा, त्याच्या पाठीवर पडू नका. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला धरता येत नाही. मात्र चेंडू पाच मीटरच्या आत असेल तर आपल्या साथीदाराला वाट मोकळी करून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवता येते.

तंत्र असे: नजर त्याच्या कमरेवर ठेवा, कारण डोके आणि हात फसवतात, कंबर फसवत नाही. हे कबड्डीनेच शिकवले आहे आणि येथे जसेच्या तसे लागू पडते. शेवटची दोन पावले आखूड टाका, तुमचे डोके त्याच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, खांदा लावा, दोन्ही हातांनी वेढा घाला आणि जमल्यास त्याचा एक हात वेढ्यात अडकवा. गोल फिरवून आपटणे धोकादायक मानले जाते आणि त्यासाठी बंदीही येऊ शकते.

८. अठरा जागा पाठ करण्याचा सोपा हिशेब

मैदानावर प्रत्येक संघाचे १८ खेळाडू असतात. महिलांच्या एएफएल स्पर्धेत, जी २०१७ साली सुरू झाली, १६ असतात. जागांची यादी पाठ करायला बसलात तर डोके फिरते. त्याऐवजी "पाच त्रिक आणि तीन" एवढेच लक्षात ठेवा.

आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत पाच आडव्या रांगा मांडा आणि प्रत्येक रांगेत तीन माणसे उभी करा. पहिल्या रांगेत फुल बॅक आणि त्याच्या दोन्ही अंगांना बॅक पॉकेट. दुसरीत सेंटर हाफ बॅक आणि दोन हाफ बॅक फ्लँक. तिसरीत सेंटर आणि दोन विंग. चौथीत सेंटर हाफ फॉरवर्ड आणि दोन फ्लँक. पाचवीत फुल फॉरवर्ड आणि दोन फॉरवर्ड पॉकेट. हे झाले पंधरा. उरलेले तीन चेंडूच्या मागे मैदानभर धावतात: उंच रक, त्याचा साथीदार रक रोव्हर आणि चपळ रोव्हर. रकचे काम चेंडू वर उडवला की उडी मारून तो आपल्या माणसाकडे थोपटून देणे. एएफएलमध्ये मधल्या फळीचे खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर धावतात.

पहिल्या हंगामात प्रशिक्षक तुम्हाला बहुधा बॅक पॉकेट किंवा फॉरवर्ड पॉकेटमध्ये उभे करील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. मी स्वतः बॅक पॉकेट मागून घेईन, कारण तेथे एकच माणूस सांभाळायचा असतो आणि एकच गोष्ट पक्की ठेवायची असते: त्याच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये उभे राहायचे. चेंडू कोठेही असो, आधी तुमचा माणूस कोठे आहे ते पाहा.

या खेळात ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कोठेही जाऊ शकतो आणि नवशिके नेमके चेंडूमागे झुंडीने धावतात. एएफएलमध्ये २०१९ पासून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर सहा मागे, सहा मध्ये, सहा पुढे असेच उभे राहावे लागते. तुमच्या स्पर्धेत तो नियम असो वा नसो, ती आकृती डोक्यात असू द्या.

९. कानावर पडणाऱ्या आरोळ्या

अर्धा खेळ ओरडण्याचा असतो आणि मराठी माणूस मैदानावर संकोचाने गप्प राहतो. "मॅन ऑन" म्हणजे मागून कोणी येतो आहे, चेंडू ताबडतोब सोड. "टाइम" म्हणजे तू मोकळा आहेस, सावकाश घे. "स्विच" म्हणजे चेंडू मैदानाच्या दुसऱ्या बाजूला वळव. "बाउंड्री" म्हणजे कडेने खेळ, मध्ये धोका आहे. तुम्हीही ओरडा, उच्चारांची चिंता करू नका, आवाजाला महत्त्व आहे.

चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे जाईपर्यंत तो खेळातच असतो, अगदी रेषेवर टेकलेला असला तरी. टप्पा खाऊन बाहेर गेला तर बहुतेकदा सीमापंच मैदानाकडे पाठ करून तो डोक्यावरून आत फेकतो. पायाने मारलेला चेंडू टप्पा न खाता थेट बाहेर गेला तर समोरच्या संघाला मोकळी किक मिळते, आणि मुद्दाम बाहेर घालवला असे पंचाला वाटले तरीही.

प्रेक्षकांत बसून संघाला पाठिंबा देण्याला येथे "बॅरॅक" करणे म्हणतात.

१०. डोक्याला मार लागला तर

डोके आपटल्यावर गरगरले, दिसणे धूसर झाले किंवा गुण किती झाले ते आठवेना, तर त्या दिवशीचा खेळ संपला. स्थानिक पातळीवर मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला किमान २१ दिवस सामना खेळता येत नाही आणि परतण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी लागते. मऊ शिरस्त्राण घातल्याने हा धक्का टळत नाही. ते खरचटण्यापासून वाचवते, इतकेच. "काही नाही झाले" असे म्हणण्याची आपली खोड येथे घरी ठेवून यावी.

११. पहिल्या सामन्याचा दिवस

सराव बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो आणि गुरुवारी सरावानंतर संघ जाहीर होतो. त्या रात्री क्लबमध्ये जेवण असते. थांबा, कारण नावे तेथेच पाठ होतात. शनिवारी दुय्यम संघाचा सामना आधी आणि मुख्य संघाचा नंतर असतो. तासभर आधी पोहोचा, अंगठी आणि साखळी घरी ठेवा, नखे कापून या. खेळापूर्वी पंच खरोखर नखे आणि बुटांचे तळ तपासतात, आणि कात्री शोधत फिरणारा एक तरी नवा खेळाडू दर शनिवारी असतोच.

तिसरा भाग संपला की प्रेक्षक मैदानात येऊन प्रशिक्षकाभोवतीच्या कोंडाळ्यात उभे राहतात. घरच्या मंडळींना हे सांगून ठेवा. माझी आई तेथे पोहोचली तेव्हा मैदानात जायला परवानगी आहे यावर तिचा विश्वास बसेना. सामना संपल्यावर मुले आणि मोठे सारेच हिरवळीवर उतरून एकमेकांना किक मारत बसतात. चुकलेली प्रत्येक गोष्ट तेव्हाच पुन्हा करून पाहा. डोक्यात ताजी असते.

आणि जर्सी, जिला येथे गर्न्सी किंवा जंपर म्हणतात, ती बऱ्याच क्लबांत तुमची नसून क्लबची असते. सामना संपल्यावर ती खोलीतल्या पिशवीत टाकायची आणि मगच निघायचे. मी पहिल्या शनिवारी ती घरी नेली, मोठ्या निगुतीने धुतली, दोरीवर वाळत घातली आणि गुरुवारी इस्त्री करून परत आणली, तेव्हा संघव्यवस्थापक पाच दिवस हरवलेला चौतीस क्रमांक शोधत होता.